पुन्हा खरखर

२ डिसेंबर

पुन्हा खरखर! काल पुसून ठेवलेली रेकॉर्ड आज लावली, तर पहिल्या ओळीलाच चट्… चट्-चट्. तापल्या तव्यावर कुणी पाणी शिंपडतंय जसं. बाई जीव तोडून गातेय आणि मधे हे!

मला असली गोष्ट सोडता येत नाही. पंखे आणि पंप दुरुस्त करण्यात जन्म गेला. टेम्पोतून मोटार खाली उतरायच्या आत सांगायचो, बेअरिंग गेलंय. गिऱ्हाईक म्हणायचं, शेठ, उघडून तरी बघा! उघडल्यावर तेच निघायचं. या दोन कानांवर दुकान उभं केलं आणि हे घरही. आता दुकान पुतण्याच्या हाती दिलंय, आयुष्यात पहिल्यांदा संध्याकाळी घरी असतो. प्लेअर घेतला, जुन्या रेकॉर्ड जमवल्या, आम्ही दोघं बसून ऐकतो. एवढंच तर सुख, त्यात ही खरखर.

ही म्हणते, “जुन्या वस्तूला आवाज असायचाच. मला तर बाई खरखरीचीच आवडते.”

बाजारातून येताना जिन्यात दोनदा थांबली. काय झालं विचारलं तर म्हणाली, “पिशवी जड आहे हो.”

पिशवी माझ्या हातात होती!

५ डिसेंबर

जुन्या रेकॉर्ड विकणाऱ्या चष्मेवाल्याकडे गेलो. एक चष्मा डोळ्यावर, दुसरा कपाळावर, आणि तिसरा शोधत असतो. त्याला खरखर तोंडानं करून दाखवली. ऐकून घेतलं आणि म्हणाला, “चरा नाही. चरा असता तर प्रत्येक फेऱ्याला त्याच जागी वाजला असता. ही स्टॅटिक. पुसता कशानं?”

“कोरड्या फडक्यानं.”

“वा! म्हणजे धूळ काढत नाही, बोलावून आणताय. कोरडं घासलं की रेकॉर्डमध्ये वीज भरते, मग घरभरची धूळ येऊन चिकटते.”

बॅटरीत घालायचं पाणी, त्यात भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश, रेघांच्या दिशेनं. मधला कागद भिजवायचा नाही. उभी करून आपोआप वाळू द्यायची, घासायचं नाही. आतली कागदी पाकिटं फेकून प्लॅस्टिकची घ्यायची. ती अर्थात त्याच्याचकडे मिळतात. लबाड! पण बोलला ते खरं वाटलं.

८ डिसेंबर

न्हाणीघरात धुलाई केंद्र उघडलं. मधला कागद भिजू नये म्हणून डब्याची दोन झाकणं आणि पंपाचं रबर लावून पकड बनवली. झकास! धुतल्यावर रेकॉर्ड अशी काळीभोर चमकते की तोंड बघून घ्यावं.

ही दाराशी उभी राहून बघत होती. मग म्हणाली, “उभ्या करून ठेवा तिथंच. वाळल्या की मी घालते पाकिटात. तुमची कंबर काही लोखंडाची नाही.”

बरं वाटलं. आजवर माझ्या कुठल्या खटपटीत तिनं हात घातला नव्हता. म्हणायची, तुमचा पसारा तुम्हीच आवरा.

डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो काढायला सांगितलाय, त्याची आठवण केली. “साधी सर्दी ती. पुढच्या आठवड्यात बघू.” मागच्या आठवड्यातही हेच म्हणाली होती.

९ डिसेंबर

पुन्हा खरखर. सगळ्यांना! आधीपेक्षा जास्त!!

१२ डिसेंबर

पुतण्या आला होता. दाराच्या कडीला हात लावला आणि चटका बसून किंचाळला, “काका, घरात करंट सोडलाय का?” हवाच तशी आहे, हाडासारखी कोरडी. मग माझ्यातला मिस्त्री जागा झाला. प्लेअरच्या पत्र्याला तार जोडली, तार नळाच्या पाइपाला. अर्थिंग! रेकॉर्डखालची लोकरी फेल्टची चकती काढून रबराची घातली. रेकॉर्ड उचलताना फेल्ट वर चिकटून यायची, तिथंच संशय आला होता.

ही म्हणाली, “आता मलाही बांधा एक तार.”

“बांधतोच!” म्हणून खरंच मनगटाला गुंडाळली. पुतण्या म्हणाला, काकी, आता तुम्ही पळून नाही जाऊ शकत. ती हसायला लागली. हसता हसता खोकला आला, आणि खोकला काही थांबेना. खुर्चीचा हात धरून बसली. ओठांचा रंग मला आवडला नाही.

पुतण्या गेल्यावर म्हटलं, “उद्या फोटो काढू. मी येतो बरोबर.”

“अहो, हवा कोरडी आहे. तुमच्या रेकॉर्डला त्रास होतो, मग मला नाही का व्हायचा?”

पटलंच. खोलीभर ओले टॉवेल टांगले. तिलाही बरं, रेकॉर्डलाही बरं.

१५ डिसेंबर

टॉवेल झाले, तार झाली, पाकिटं झाली. खरखर आहे तिथंच. आता मला भीती वेगळीच वाटायला लागलीय. माझे कानच तर बिघडले नाहीत? चष्मेवाल्याला रेकॉर्ड नेऊन दाखवली. त्यानं आपल्या प्लेअरवर लावली, तिथंही तेच. म्हणजे कान शाबूत. पण मग धुतलेल्या रेकॉर्डवर धूळ येते कुठून? तो म्हणाला, “कोणी कोरडं घासतंय का?” म्हटलं, छे! धुतो मी, ठेवते बायको. तिसरं माणूस नाही घरात.

हिनं आपली खुर्ची उचलून स्पीकरला टेकवली. म्हणते, “इथं नीट ऐकू येतं.” आवाजही मोठा करायला सांगते. झोपताना तीन उशा घेते. मान दुखते म्हणे.

१६ डिसेंबर

फोटोचं नाव काढलं की हिला नेमकं कुणाचं तरी लग्न आठवतं.

१९ डिसेंबर

घडलं तसं लिहितो.

दुपारी ही शेजारी गेली होती. मी एक रेकॉर्ड धुतली, वाळली तशी तडक प्लेअरवर ठेवली. सुई टेकली आणि शांत! चट् नाही, खर् नाही. बाईच्या गळ्याखेरीज काही नाही. एकटाच टाळ्या वाजवत होतो.

तेवढ्यात ही आली. “लावलीत पण? मी ठेवली असती की पाकिटात.” चेहरा पडलेला. पण बसली जवळ.

आणि पुन्हा आवाज! नेहमीची चट्-चट् नव्हे. बारीक, ओलसर, चुर्र… मग थांबा… मग चुर्र. फेऱ्याशी जुळवून बघितलं, जुळेना. म्हणजे चरा नाही. मोटारीचा असेल म्हणून दुकानातली जुनी रीत केली. वीज तोडायची आणि ऐकायचं. विजेचा दोष असेल तर आवाज त्याच क्षणी मरतो, बेअरिंगचा असेल तर चाक थांबेपर्यंत राहतो.

बटण बंद केलं. गाणं लांबट होत होत विरलं. रेकॉर्ड थांबली.

आवाज थांबला नाही.

चुर्र… थांबा… चुर्र. मी मान वळवली. ती भिंतीकडे बघत होती. मी तिच्या पाठीला कान लावला.

“लावा ना परत,” ती म्हणाली. “बंद का केलं?”

मी चपला शोधत होतो.

२० डिसेंबर

हृदय थकलंय, फुफ्फुसात पाणी साठलंय. डॉक्टरीणबाई सावकाश बोलल्या, मला सांभाळून घेत. म्हणाल्या, “उपाय आहे. पण याहून उशीर नको होता.” मग हिला विचारलं, “पाय कधीपासून सुजलेत?”

पाय? मी चादर वर केली. पाय ओळखू येत नव्हते. एवढे दिवस मोजे घालून फिरत होती, मला वाटलं थंडी!

२१ डिसेंबर

नाकाला नळी. रात्री नीट झोपली, असं नर्स म्हणाली. मला आत बसू देत नाहीत. बाहेर बाकावर बसून प्रत्येक ट्रॉलीच्या चाकाचं बेअरिंग ऐकतोय. सगळी गेलेली आहेत.

२३ डिसेंबर

पाणी उतरतंय. सकाळी मला म्हणाली, “दाढी करा आधी, पेशंट तुम्ही वाटता.” देवा!

तिचे कपडे घ्यायला घरी आलो. आम्ही दवाखान्यात गेल्यापासून घर बंद, टॉवेल वाळून पत्रा झालेले. कडीला हात लावला तर चटका. बसलो थोडा वेळ. त्या दिवसाची रेकॉर्ड प्लेअरवरच होती, हात लावायला कुणी नव्हतं. म्हटलं, आता तर धुळीनं ऐकवणार नाही. लावली.

स्वच्छ. शेवटच्या ओळीपर्यंत स्वच्छ.

हवा तीच, खोली तीच, प्लेअर तोच. मग पाकिटात गेलेल्या बाकीच्या रेकॉर्डनाच एका रात्रीत वीज कुठून भरायची?

उठलो, कपडे घेतले. पिशवीचं तोंड बांधलं आणि कुलूप लावलं.

२७ डिसेंबर

घरी आणली. जिना न थांबता चढली. खुर्चीत बसवून पाणी दिलं आणि विचारलं. सरळ विचारलं.

तिनं पाणी संपवलं. मग म्हणाली, “मीच शालीनं घासून ठेवायचे. सगळा जन्म दुकानात गेला तुमचा, आता कुठं संध्याकाळी घरी दिसायला लागलात. त्या संध्याकाळी दवाखान्यात घालवायच्या नव्हत्या मला. आणि तुमच्या कानांपासून लपायला घरात त्या खरखरीखेरीज दुसरी जागा कुठं होती?”