राष्ट्रपतींच्या निशाणाची मागची बाजू

दुबई, १२ जानेवारी १९६५, मगरिबच्या नमाजनंतर

हमीदशेठ आज माझ्या शिवणकामाच्या दुकानात राष्ट्रपतींच्या निशाणाचं चित्र देऊन गेले. निळ्या-लाल चार चौकोनांत सोनेरी दोऱ्याने भरायचं: अशोकाचे सिंह, अजिंठ्याचा हत्ती, लाल किल्ल्यातला तराजू, सारनाथचा कमळांचा घडा. "सव्वीस जानेवारीला हॉलच्या भिंतीवर लावायचंय," म्हणाले. मग दारातून वळून, "बाबामियां, भरतकाम दोन्ही बाजूंनी हां!"

दोन्ही बाजूंनी? भिंत काय मागून बघणार आहे? दोन्ही बाजू लागतात त्या वाऱ्यावर फडकणाऱ्या निशाणाला. आणि शेठची लाँच तर सोनं घेऊन चोरून रत्नागिरीकडे जाते. डोलकाठीवर हे बघून कस्टमवाले सलाम ठोकतील, असं वाटतं की काय त्यांना? का मीच उगाच संशय घेतोय?

धाकटा भाऊ युसुफ म्हणतो, "भाईजान, शेठ मोठा माणूस. गप शिवून द्या."

देईन शिवून. पण तराजू भरला जाईल तो एकाच बाजूने. त्या एका चौकोनामागे साधं अस्तर. भिंतीसाठी असेल, तर शेठ घडी घालून घेऊन जातील.

उलटून बघितलं, की मी समजलो.