खंडेनवमीची मोजणी

हवाई तळ,
दि. ९ ऑगस्ट २००४

ती. ताई व दाजी यांस वाल्मीकचा सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. मळ्यातला झेंडू कसा आहे? भावाला विसरलीस तरी झेंडूला विसरणार नाहीस तू, ठाऊक आहे मला!

दाजी, तुम्ही रिटायर होऊन सुटलात, काम माझ्या गळ्यात पडलं. स्क्वाड्रनला वीस वर्षं होतायत म्हणून मोठ्या साहेबांनी मला इतिहास लिहायला बसवलंय. का, तर माझं अक्षर चांगलं! रशियातून खोक्यांत आलेली पहिली लढाऊ हेलिकॉप्टरं, वाळवंटातल्या वाळूनं खाल्लेली पाती, कारगिलच्या वेळी सीमेवर काढलेले महिने, सगळं लिहून झालं. गाडी अडलीय ती १९९४ च्या दसऱ्यापाशी. भारतसाहेबांचं हेलिकॉप्टर पडलं, ते अन् त्यांचे जोडीदार गेले. कागदात कारण एवढंच: वैमानिकाची चूक. असला कसलेला माणूस अन् चूक? माझा हात पुढं जाईना. तेव्हा दुरुस्तीच्या हत्यारांचे इनचार्ज तुम्हीच होता. काही आठवत असेल तर कळवा, नाहीतर ते दोन शब्द तसेच उतरवतो.

भाची भाग्यश्रीला आशीर्वाद. माया आहे ती पातळ होऊ देऊ नका.

तुमचा,
वाल्मीक


मखमलाबाद, नाशिक,
दि. २० ऑगस्ट २००४

चि. वाल्मीकास ताईचे अ. आ.

तुझं पत्र यांना जेवताना वाचून दाखवलं अन् तिथंच चुकलं माझं. भारतसाहेबांचं नाव निघालं तसे हे ताटावरून उठले. मी मागोमाग मळ्यात गेले तर माझा हात धरून ढसाढसा रडले रे. लग्नाला अठरा वर्षं झाली, या माणसाच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं मी.

मग यांनी सगळं सांगितलं. काम संपलं की हत्यारं मोजायची, रजिस्टरात 'पूर्ण' लिहून सही करायची, त्याशिवाय मशीन उडवायचं नाही, हे तुला मी काय सांगणार! पण त्या वर्षी मशीनचं काम उरकून हत्यारं तशीच खंडेनवमीच्या पूजेत मांडली. हळदकुंकू वाहिलेली हत्यारं दसऱ्यापर्यंत हलवू नयेत म्हणून न मोजताच सही झाली. हे म्हणतात, सही माझीच. दसऱ्याला सकाळी मशीन पडलं. यांनी धावत जाऊन मोजलं तर एक पाना कमी! तो मशीनमध्येच राहून कुठंतरी अडकला असणार. मशीनचा तर जळून कोळसा झालेला. यांनी बाजारातून तसलाच पाना आणून जागेवर ठेवला अन् तोंड शिवलं. दहा वर्षं! अन् मला बायकोला पत्ता नाय!

अरे, चैत्रात देवीच्या गडावर सटाण्याच्या अंबूबाई भेटल्या होत्या, भारतसाहेबांच्या आई. म्हणाल्या, माझ्या पोरानं दुसरीचं पोर नेलं, त्या माउलीला कोणत्या तोंडानं भेटू? मी त्यांचे डोळे पुसले रे.

तरी तुझ्यापुढं पदर पसरते. ते दोन शब्द तसेच राहू दे. यांचं काळीज आधीच दुखरं आहे, चौकशी लागली तर हे वाचायचे नाहीत. लय पाप बोलतेय, कळतंय मला.

रागाव हवं तर, पण ताईला तोडू नको.

तुझी,
छायाताई


हवाई तळ,
दि. ४ सप्टेंबर २००४

ती. ताई व दाजी यांस सा. न.

ताई, तुझं पत्र वाचलं अन् जुनं रजिस्टर शोधून काढलं. खोटं कशाला बोलू, पान फाडूनच टाकणार होतो. पान उघडलं. सही दाजींची नाही. माझी आहे.

मी तेव्हा नवखा. दाजी प्रसादाच्या गडबडीत होते, मोजून सही कर म्हणाले. पूजा मोडेल म्हणून मी हातच लावला नाही, नुसती नजर फिरवली अन् 'पूर्ण' लिहिलं. अपघातानंतर साहेबांसमोर मोजणी झाली तेव्हा सगळे पाने भरले, म्हणून ती सही मी पार विसरूनच गेलो होतो. ते का भरले ते आज कळतंय. दाजी, मला वाचवलंत ते वाचवलंत, बायकोपुढंही माझं पाप स्वतःच्या अंगावर घेतलंत. कशाला हो?

ताई, नवऱ्यासाठी पदर पसरलास, आता भावासाठी पसरू नकोस. वैमानिकाची चूक नव्हती, न मोजता सही मी केली, असं इतिहासात लिहून कागद आज सकाळी मोठ्या साहेबांच्या हातात दिला. पानाही मीच बदलला असं लिहिलंय. तेवढं एक खोटं दाजींसाठी.

अंबूबाईंना हे पत्रानं कळवू नये. तू स्वतः सटाण्याला जा. सांग, तुमच्या पोराची चूक नव्हती. मग कुणाची, असं त्या विचारतीलच. तेव्हा मान खाली घालू नकोस. म्हण, माझ्या भावाची.

यापुढं लोभ ठेवायचा की नाही, ते तुमच्यावर सोडतो.

वाल्मीक