मोटार, मागची खोली आणि लाल तेलाचा संशय

लिहून ठेवणार : सिताराम गोटीराम म्हात्रे, वय सत्तरच्या आसपास (शाळेत नाव घालताना मास्तरांनी तारीख अंदाजे टाकली), धंदा पूर्वी शेती व मिठागर, हल्ली लग्नकार्याला मोटार भाड्याने देणे, राहणार तुर्भे गाव.

माझे डोके ठिकाणावर आहे. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण तो डोक्यात शिरलेला नाही. हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे, कारण बेलापूरच्या वकिलाने मला आधी कोऱ्या कागदावर सही करायला सांगितले. मजकूर नंतर टाइप करून घेऊ म्हणाला. मी चहा पिऊन उठलो. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. असते तर कोणाचे, ते इथेच नावानिशी लिहिले असते.

कलम १. राहते घर माझी पत्नी मुक्ताबाई हयात असेपर्यंत तिचे. 'आई, आता आमच्याकडे वाशीला चला' असे गोड बोलून तिला कोणी बाहेर काढू नये. हे मी मुलगा अरविंद आणि सून वैजयंती यांना उद्देशून लिहिले आहे. मुक्ताबाईच्या पश्चात पुढचे घर अरविंदचे. पोस्टातली शिल्लक सगळी मुक्ताबाईची. पासबुक कुठे आहे हे तिला ठाऊक आहे, इतरांना ठाऊक असण्याचे कारण नाही.

कलम २. तांब्याचे घंगाळ वैजयंतीला. दर दिवाळीला ती ते बोटाने वाजवून बघते. आता घरी नेऊन वाजवावे.

कलम ३. माझी मोटार. अमेरिकन बनावटीची, आसमानी रंगाची, लांबीला होडीएवढी. सरकारने घेतलेल्या जमिनीचा मोबदला आला तेव्हा गावात कोणी बुलेट घेतली, कोणी पिऊन टाकला. मी सन १९७४ साली मुंबईच्या एका शेटची ही जुनी मोटार घेतली. तिला पॉवर स्टिअरिंग आहे, म्हणजे चाके लाल तेलाच्या जोरावर वळतात आणि माणसाला एक बोट पुरते. शेट एवढ्या स्वस्तात का देतो, हे मी तेव्हा पुष्कळ शोधले. अजून सापडलेले नाही.

तुर्भ्यापासून उरणपर्यंत आगऱ्यांच्या लग्नांत हिच्याशिवाय वरात निघाली नाही. शिवाय हिचा एक मान आहे. नवरा-नवरीला घेऊन आलो की मी मोटार गावदेवीच्या देवळापुढे उभी करतो. मग उभ्या जागी पुढची चाके डावीकडे टोकापर्यंत, उजवीकडे टोकापर्यंत वळवतो आणि पुजारी नारळ फोडेपर्यंत तशीच दाबून धरतो. याला गावात गाडीचा नमस्कार म्हणतात. पोरेबाळे तो बघायला धावतात. दुसऱ्या कोणाची गाडी असा नमस्कार करत नाही, करूच शकत नाही.

अरविंदला ही मोटार भंगारात द्यायची आहे. तो कधी असे म्हणाला नाही. पण गेल्या गणपतीत त्याने तिच्याभोवती दोन चकरा मारल्या आणि पत्र्यावर टिचकी मारली.

कलम ४. माझा पुतण्या नंदकुमार. माझा धाकटा भाऊ शिवराम वारला तेव्हापासून तो माझ्याकडे आहे, मागच्या खोलीत राहतो आणि मोटार धुतो-पुसतो. शिवरामला देव सद्गती देवो, पण आमच्या शेताचा बांध त्यानेच सरकवला होता. खाण तशी माती. दोन वर्षांमागे मोटारीखाली लाल तेलाचे डाग दिसू लागले आणि त्याच सुमारास नंदू रोज पहाटे बॉनेट उघडून आत वाकलेला दिसू लागला. मी कोणावर संशय घेत नाही, फक्त लक्ष ठेवतो. एकदा त्याच्या खोलीत तांदळाच्या डब्यामागे त्याच लाल तेलाची बाटली मिळाली. मी ती होती तिथेच ठेवली. चोराला कळू द्यायचे नसते.

मोटार खराब झाली की म्हातारा ती आपल्यालाच देऊन टाकील, हा त्याचा डाव मी ओळखला. फाल्गुनात मी बॉनेटला कडी-कोयंडा मारून घेतला, कुलूप घातले आणि किल्ली करदोट्याला बांधली. तो काही बोलला नाही. निर्दोष माणूस बोलला असता.

तेव्हापासून लग्ने लागोपाठ होती. वैशाखात उरणच्या वाटेवर स्टिअरिंग आधी रडल्यासारखे वाजले, मग दगडासारखे जड झाले आणि वळणावर मोटार सरळ मिठागराच्या बांधावर चढली. मागे मुक्ताबाई होती. तिचे मनगट मोडले. वेळीच ब्रेक दाबला म्हणून बाकी निभावले. कुलूप उघडून पाहिले तर तेलाचा डबा कोरडा. कुलूप घालण्याआधीच त्याने पाइपाला काहीतरी करून ठेवले होते, हे उघड आहे.

कलम ५. म्हणून मोटार अरविंदला द्यावी, त्याने ती भंगारात घालावी. नंदकुमारला माझ्या मिळकतीतून काही मिळणार नाही, आणि माझे दिवस झाल्यावर त्याने मागची खोली रिकामी करावी.

इथवर लिहून झाल्यावर, माझ्या सवयीप्रमाणे, मी सगळे मोठ्याने वाचून पाहिले. मुक्ताबाई मोडका हात गळ्यात बांधून दारात बसली होती. पाचवे कलम ऐकले आणि ती उठून आत आली. ती म्हणाली, "त्यानं तेल काढलं नाय. रोज भरलं. सोताच्या पैशानं मुंबईवरना आनायचा. तुमी कुलूप घातलं नि भरनारा हात तोडलात."

मी विचारले, मग इतके दिवस गप्प का होतीस? ती म्हणाली, पोराने गळ्याची शपथ घातली होती, तुम्हाला कळले तर बॉनेटला हात लावू देणार नाही म्हणून. मग मला आठवले. दोन वर्षांमागे नंदूने मला सांगितले होते की देवळापुढे उभ्या जागी चाके दाबून धरू नका, तेलाचा जोर पाइपावर येतो. तेव्हा देवीचा अपमान केला म्हणून मी चार माणसांत त्याच्या मुस्काटात मारली होती. हे खरे आहे. पण तोंडच्या शब्दावर मी कागद बदलणारा नव्हे. नवरा-बायकोतही फसवणूक होते.

मुक्ताबाईने डब्यामागची बाटली आणली. मी तेल भरले, माझे धुतलेले धोतर मोटारीखाली अंथरले आणि इंजिन चालू केले. चाके सरळ असताना धोतर कोरडे. मग देवळापुढे धरतो तशी चाके टोकाला नेऊन दाबून धरली. खाली वाकलो तर धोतरावर लाल डाग पसरत होता, हाताला ओला. मला दुसरे एखादे कारण सापडावे असे फार वाटत होते. मी बराच वेळ शोधले. मग मोटारीला टेकून बसलो आणि मला रडू आले.

कलम ६. कलम ५ रद्द. मोटार, जॅक, पान्यांचा संच आणि मागची खोली माझा पुतण्या नंदकुमार याची, कायमची. अरविंदने हरकत घेऊ नये. त्याला पुढचे घर आहे आणि वाशीचा फ्लॅट आहे. नंदूने मोटारीचा पाइप नवा घालावा आणि बॉनेटचा कोयंडा कापून काढावा. गाडीचा नमस्कार यापुढे करू नये. देवीला नारळ पुरतो. रागावली तर तिच्याशी मी बोलेन, तोवर मी तिकडेच असेन.

हे मृत्युपत्र सहा कलमांचे असून त्यात लिहिले ते मी केले, सांगितले किंवा डोळ्यांनी पाहिले आहे. यापूर्वी मी असे काही लिहिलेले नाही. कोणी दुसरा कागद दाखवला तर तो बेलापूरचा समजावा.

स्थळ : तुर्भे गाव
दिनांक : ७ जून १९८७
सही : सिताराम गोटीराम म्हात्रे

साक्षीदार :
१. रावसाहेब बाजीराव घरत, शेजारी
२. नंदकुमार शिवराम म्हात्रे (नाव खोडले आहे)
त्याऐवजी यशोदाबाई घरत, वरील साक्षीदाराची पत्नी

खाडाखोडीचा खुलासा : वाटा न मिळणारा माणूस साक्षीला बरा, म्हणून पाचवे कलम लिहितानाच नंदूचे नाव मी कागदाच्या तळाशी घालून ठेवले होते आणि त्याला संध्याकाळी बोलावले होते. तो आला, हात धुऊन बसला आणि कुठे सही करू म्हणाला. मी म्हटले, आधी वाच. तो म्हणाला, "काका, तुमी लिवलंय, मंग मी काय वाचू?" ज्याला मिळते त्याने साक्ष करू नये असे म्हणतात, म्हणून मी त्याच्यादेखत त्याचे नाव खोडले. त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "सहीपुरताबी भरोसा नाय का, काका?" मी कागद त्याच्या हातात दिला आणि सहाव्या कलमावर बोट ठेवले. तो ओट्यावर माझ्याकडे पाठ फिरवून वाचत बसला आहे. कलम लहान आहे. इतका वेळ का लागतो, हे मी त्याला विचारणार नाही.