गार तबकडी

प्रिय चिमणे,

तू पलीकडच्या खोलीत आहेस, मध्ये एक दार आहे, आणि मी स्वयंपाकघरात बसून तुला पत्र लिहितोय. हसू नकोस. तुझ्यासमोर उभं राहायला मला तोंड नाही.

तू लहान असताना मी दवाखान्यातली निकामी झालेली एक्स-रे ट्यूब घरी आणली होती, आठवतं? काचेच्या आत हवेचा लवलेश नाही. एका टोकाला तारेचं इवलंसं वेटोळं. ते तापलं की इलेक्ट्रॉन सुटतात आणि प्रचंड व्होल्टेज त्यांना ओढून समोरच्या टंगस्टनच्या तबकडीवर आपटतं. त्यातून किरण निघतात. तबकडी का फिरते, असं तू विचारलंस. एकाच जागी मार बसून ती वितळू नये म्हणून, मी म्हटलं. शंभरात जेमतेम एक भाग किरण, बाकी नुसती उष्णता, हे ऐकल्यावर तू म्हणालीस, मग ही अगदी बाबांसारखीच आहे. तुझी आई पोट धरून हसली होती.

सकाळी तबकडी गार असते, तिला आधी हलके डोस देऊन तापवायचं, हेही मीच तुला शिकवलं. गार पेल्यात उकळता चहा ओतला तर तडकणारच. आणि काल, निवृत्त झालेला मी तुझ्या एक्स-रे खोलीत लुडबुडत असताना, कंपाउंडर स्वतःच्याच कमरेच्या फोटोची चिठ्ठी घेऊन आला तेव्हा त्याच्यासमोर भाव खायची मला कोण हौस! बाबा थांबा, मशीन अजून तापवलेलं नाही, असं बजावून तू त्याला टेबलावर नीट झोपवायला गेलीस. तू संरक्षक काचेआड परत आलीस तोवर माझा अंगठा बटणावर होता. अर्धं दाबलं, तबकडी घुमायला लागली. तू हात धरायच्या आत मी पूर्ण दाबलं. कमरेचा डोस, सगळ्यात जड. आतून कडकन आवाज आला, मग नुसती खरखर.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कोणी केलं हे? तू एकदा माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, मी. त्यांनी तुला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिलो.

एवढं तुला माहीत आहे. पुढचं माहीत नाही, म्हणून हे पत्र. तू पर्स आणायला आत गेलीस तेव्हा बाई मला म्हणाल्या, तुमच्या हातून असं कधीच झालं नसतं. आणि चिमणे, मी मान डोलावली. रात्रभर ती मान मला छळत होती.

आत्ताच त्यांच्याकडे जाऊन आलोय. सगळं सांगितलं, मान डोलावल्याचंही. उद्या तू नेहमीच्या वेळेला कामावर जा, त्या वाट बघताहेत. मला मात्र त्या खोलीत यायला बंदी, आणि ती योग्यच आहे. नवी ट्यूब बसली की रोज नीट तापवून घे. कुणी म्हातारा घाई करायला लागला तर सरळ बाहेर काढ त्याला. बाप असला तरी.

तुझाच,
दाराअलीकडचा बाबा