तुझ्या आईचा चेहरा

प्रिय ठमाबाई,

पत्र बघून दचकू नकोस. आई ठीक आहे. म्हणजे काल होती तशीच आज आहे, आणि आमच्याकडे सध्या ह्यालाच ठीक म्हणतात. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर मी हवापाण्याच्या गप्पांवर घसरतो आणि मुद्द्याचं राहून जातं. जन्मभर बस चालवली, पण बोलताना गाडी कुठे वळवायची ते मला अजून जमत नाही.

तू येऊन गेलीस त्यानंतर आईचं अंग जास्तच आखडायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी पार्किन्सन्सची गोळी वाढवली, पण माझं समाधान होईना. गाडी बंद पडली तर निदान बॉनेट उघडून आत डोकावता येतं. इथे नुसतं समोर बसून बघत राहायचं. म्हणून मी औषधांच्या दुकानात खेटे घालायला लागलो. काउंटरमागे फळीवर डबेच डबे. आधी माशाच्या तेलाच्या टपोऱ्या पिवळ्या कॅप्सूल आणल्या, मग ड जीवनसत्त्व, मग को-एन्झाइम की कायसं, ज्याचं नाव घेताना माझी जीभ अडखळायची. बागेत फिरायला येणारे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, त्यांच्या मेव्हण्याला अमुक गोळ्यांनी फरक पडला. मी बागेतून तडक दुकानात. फ्रिजच्या डोक्यावर दुसरं दुकान उभं राहिलं. आई सगळं निमूट घ्यायची. तिला हल्ली साधा घोटही जपून गिळावा लागतो. ती टपोरी कॅप्सूल घशाखाली उतरेपर्यंत माझाच जीव टांगणीला लागायचा. तरी एकदाही नको म्हणाली नाही. मला वाटलं, तिचाही विश्वास बसलाय.

वजन उतरत होतं म्हणून मी प्रथिनांची पावडर आणली. सकाळी गोळीबरोबरच दुधात कालवून द्यायचो. तेव्हापासून तिची सकाळच बिघडली. पूर्वी गोळी घेतली की थोड्या वेळात हातपाय मोकळे व्हायचे. आता स्वयंपाकघराच्या दारात आली की पाय जमिनीला चिकटल्यासारखे, ना पुढे ना मागे. मी हात धरून उभा राहायचो आणि दोघंही त्या दाराकडे बघत राहायचो. मला वाटलं दुखणं वाढलं, म्हणून मी पावडरही वाढवली.

शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काय काय देताय ते सगळं घेऊन या. मी पिशवी भरून नेली. त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. एकेक डबा हातात घेऊन त्यांनी नीट समजावलं. आईच्या रक्तात ड जीवनसत्त्व खरंच कमी होतं, तेवढं चालू ठेवायचं. बाकीच्यांनी हा आजार थांबतो किंवा मंदावतो, ह्याला काही आधार नाही. आणि पावडर वाईट नव्हे, पण प्रथिनं गोळीच्या वाटेत येतात, गोळी अंगी लागू देत नाहीत; म्हणून गोळी आधी, खाणं नंतर, मध्ये अंतर ठेवून. आता तसंच करतो. सकाळ थोडी बरी जाते. पण मी विचारलं, की मग थांबवणारं असं काहीच नाही का, तेव्हा त्या नुसतं 'नाही' म्हणाल्या आणि माझी पिशवी उचलून माझ्या हातात दिली.

घरी आल्यावर आईला विचारलं, एवढं सगळं गिळत का राहिलीस? म्हणाली, "तुम्हाला तेवढंच बरं वाटत होतं." मी डबे आवरायला उठलो, नाहीतर तिच्यासमोर रडलो असतो.

अजून एक गोष्ट मी डॉक्टरीणबाईंकडे मागितली होती, ती तुला सांगायला लाजत होतो. चेहऱ्यासाठी काही आहे का, असं विचारलं. कारण आई माझ्याकडे बघून हसायचीच बंद झाली होती. काही आणलं, काही केलं, तरी तोंड घट्ट मिटलेलं, नजर दगडासारखी. मला वाटायचं, माझ्यावर चिडलीये. त्या म्हणाल्या, हा आजारच आहे. चेहऱ्याचे स्नायू आखडतात. आतलं हसू आतच राहतं, आवाजही खोल जातो. अगं, हीच बाई तलावावर पोरांना पोहायला शिकवताना शिट्टी न वाजवता नुसत्या आवाजाने पलीकडच्या काठावरचं पोर पाण्यात उतरवायची. आता शेजारी बसून तिचं बोलणं मला ओठांवरून ओळखावं लागतं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. तू आलीस त्या रात्री जेवताना तू सांगितलंस, की तू आणि जावई वेगळे होताय. तू आईच्या चेहऱ्याकडे बघत राहिलीस. त्यावर काहीच हललं नाही. मग तू खुर्ची सरकवून उठलीस आणि सकाळी निघून गेलीस. तेव्हापासून फोनवर माझ्याशीच बोलतेस, आणि आईची चौकशी शेजारणीची करावी तशी करतेस. मी तुला दोष देत नाही. मीही तेच समजलो होतो. परवा गोळी देताना मी तिला म्हटलं, पोरीवर इतका राग धरू नये. ती माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटलं ऐकूच आलं नाही. मग म्हणाली, "राग कसला? मी तेव्हाच म्हटलं होतं तिला, बरं केलंस." ठमे, ती बोलली होती. तुझी खुर्ची वाजत होती आणि मी तिच्या शेजारी बसून ऐकलं नाही. हे तुला लिहायला तिनेच सांगितलंय. ती स्वतः लिहायला बसली तर अक्षर मुंगीएवढं होतं आणि ओळ संपायच्या आत पुसट होऊन जातं. आता फोन करशील तेव्हा मला सांग, मी तिच्या तोंडाशी धरीन. तिचा त्या रात्रीचा चेहरा मनात धरू नकोस, त्यावरून काही कळायचं नाही. काय ते विचार आणि वाट बघ. पलीकडे कुणीच नाही असं वाटेल, तरी फोन ठेवू नकोस.

तुझाच,
बाबा