पागुमेचा सहावा दिवस

अदिस अबाबा
हिदार १२, २०१८

आदरणीय गाशे देगेफू,

लांबूनच तुमच्या गुडघ्यांना हात लावते. तुम्ही कसे आहात? घरी इत्ये झेनेबेच यांचा खोकला कमी झाला का? बिशोफ्तूला तळ्याकाठी हवा बरी असेल. इथे आज संत मिकाएलचा दिवस, त्यामुळे सकाळपासून अख्खं शहर दारोदारी कचरा जाळतंय. डोळे चुरचुरतात, म्हणून अक्षर वाकडं आलं तर धुराला दोष द्या.

वरचं वाक्य खोडत नाही, पण ते खरं नाही. खिडकी बंद आहे. अक्षर माझ्यामुळे वाकडं येतंय.

डीन सांगत होते की नव्या विमान-प्रशिक्षण केंद्राचं प्रमुखपद तुम्ही नाकारणार आणि तुमचं पत्र सोमवारी मंत्रालयात जाणार. कारण विचारलं तर म्हणालात म्हणे, "ज्याला एक दिवस मोजता आला नाही, त्याच्या हाती लोकांची पोरं कशाला देता?" सगळे हसले. डीननी मला सांगताना पुन्हा हसून दाखवलं. मला सोमवारच्या आत तुमच्याशी बोलायचं आहे. फोनवर तुम्हाला हल्ली नीट ऐकू येत नाही, हे निमित्त. समोर आले तर तुम्ही आधी कॉफी घ्यायला लावाल, आणि तिसरा कप होईपर्यंत माझा धीर सुटेल, हे खरं कारण.

तुमच्या सत्तरीच्या गौरवग्रंथातलं चरित्र माझ्याकडे आहे, हे तुम्हाला कळलंच असेल. चौदा पानं झाली. दिरे दावाच्या धावपट्टीवर सामान चढवणारा सतरा वर्षांचा मुलगा, मग तिकीट खिडकी, मग स्टेशन मॅनेजर. बावन्नाव्या वर्षी, मुलं कॉलेजात असताना, स्वतः परदेशी जाऊन डॉक्टरेट. आणि परत आल्यावर आपली दोन विमानांची कंपनी, जिथे मी तुमच्या हाताखाली नोंदी ठेवायला लागले. तिथपर्यंत पेन भराभर चाललं. पंधराव्या पानावर गेले पंचवीस दिवस अडकले आहे. रोज कागद काढते, शेंगदाणे खाते, कागद ठेवते.

त्यात परवाची गोष्ट झाली. तुमचा पहिल्या वर्षाचा तो प्रसिद्ध तास यंदा मला घ्यायला लावला. तुम्ही घेत होता तसाच घेतला. फळ्यावर लिहिलं, 'माझी चूक', आणि खाली कंसात तुमचं नाव. मुलांना सांगितलं : परदेशी कंपनीकडून भाड्याने घेतलेल्या विमानाची मोठी तपासणी बाहेरच्या कॅलेंडरप्रमाणे तीस सप्टेंबरच्या आत व्हायला हवी होती. हँगरमधली माणसं आपल्या कॅलेंडरने चालतात, म्हणून दर नववर्षाला सगळ्या तारखा आपल्या महिन्यांत केलेली यादी तयार होई, आणि तिच्यावरून गाशे त्या फळ्यावर स्वतः उतरवत. एरवी तीस सप्टेंबर म्हणजे आपल्या पहिल्या महिन्याची, मेस्केरेमची, वीस. पण त्याआधीचा वर्षाखेरचा तेरावा महिना, पागुमे, पाचाऐवजी सहा दिवसांचा होता, नववर्ष एक दिवस पुढे सरकलं होतं, म्हणून ती एकोणीस होती. यादीवरून उतरवताना फळ्यावर वीस लागली. वीस तारखेला सकाळी विमान जिम्माला जाऊन आलं. कुणाला खरचटलंही नाही. पण मुदत एक दिवस उलटली होती. कंपनीने विमान परत नेलं, गाशेंनी आठवड्यात राजीनामा दिला, आणि उरलेलं एक विमान वर्षभरही तग धरू शकलं नाही.

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "मॅडम, यादीवरून उतरवताना चूक झाली म्हणता, मग ती यादी कुठे गेली?"

मी म्हणाले, "सापडली नाही."

"कुणी शोधली का?"

"शोधली." आणि तास पाच मिनिटं आधी सोडला.

गाशे, यादी मी केली होती, हे तुम्हाला माहीत आहे. तिच्यात काय होतं, ते माहीत नाही.

तो नववर्षाचा दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. बाहेर मुली पिवळी फुलं घेऊन गात होत्या, तुम्ही हातात खडू घेऊन फळ्यासमोर होता, आणि बेरगा मिस्त्री मेस्केलच्या सणाच्या सुट्टीसाठी तुमच्यामागे लागला होता.

"गाशे, आम्ही गुरागे. मेस्केलला गावी गेलो नाही तर आई मी मेल्याचं सुतक धरेल."

"तुला आई नव्हे, ताटातला कितफो बोलावतोय. इथवर तुपाचा वास येतोय."

"तुम्हालाही डबा आणतो की!"

"लाच देतोस? संचालकाला?" तुम्ही माझ्याकडे वळलात. "येशिये, याला सोडलं तर मोठी तपासणी बसते का?"

मी यादी बघून म्हणाले, "वीसपर्यंत मुदत आहे गाशे. खुशाल जाऊ द्या."

खुशाल. हा शब्द मी वापरला होता. तुम्हाला तो आठवत नाही, बेरगालाही नाही. मी त्याला गेल्या वर्षी आडून विचारून पाहिलं. चौदा वर्षं तो शब्द एकट्या माझ्याकडे आहे.

मग विमानमालक कंपनीचा परदेशी तपासनीस आला. कागद पुढे ठेवून त्याने फळ्याकडे बोट केलं. तुम्ही फळा पाहिलात, बोटांवर मोजलंत, आणि तुमचा चेहरा उतरला. अगदी शांतपणे विचारलंत, "येशिये, तुझ्या यादीत काय होतं?"

मी म्हणाले, "एकोणीस."

तेव्हा यादी माझ्या पर्समध्ये होती. अर्ध्या तासापूर्वीच फाईलमधून काढून ठेवली होती, म्हणजे घाबरून तोंडातून निघून गेलं असंही मला म्हणता येत नाही. तुम्ही एकदाही उलट विचारलं नाहीत. "मग उतरवताना मीच चुकलो," म्हणालात आणि त्याच्या कागदावर सही केलीत. बाहेर येताना उलट माझ्याच खांद्यावर हात ठेवलात : "तू घाबरू नकोस, तुझं काम चोख होतं." पुढे विद्यापीठात माझी शिफारस करतानाही तुम्ही हेच लिहिलंत. चोख. माझी नोकरी, माझी पदवी, मी मुलांना ज्या खुर्चीत बसून गुण देते ती खुर्ची, सगळं त्या शब्दावर उभं आहे.

स्वतःला मी बरंच काही सांगत आले. मी तिशीची होते, धाकट्या दोघांचं शिक्षण माझ्यावर होतं. तुम्ही मोठे होता, तुम्हाला झेपलं. त्या चुकीमुळेच तर विद्यापीठाला इतका मोठा शिक्षक मिळाला! हे शेवटचं मला सगळ्यात सोयीचं वाटायचं. आता केंद्राचं कानावर आल्यापासून तेही चालेनासं झालंय. हातून एकही चूक न झालेला माणूस विमानांपासून चौदा वर्षं दूर बसला, आणि आता उरलेली वर्षंही तसाच बसणार.

आज सकाळी शेजारची त्सेहाय दारात कचरा पेटवून ओरडत होती, "अगं मास्तरीणबाई, तुझी कागदांची रद्दी आण की! ती तुलाच एक दिवस खाऊन टाकेल." मी खरंच गठ्ठा घेऊन खाली गेले. सगळ्यात वर ती यादी होती. एवढ्या वर्षांत ती फाडली नाही आणि कुणाला दाखवलीही नाही; का ठेवली, ते मला नीट सांगता येत नाही. त्सेहायने हात पुढे केला. मी बाकीचा गठ्ठा दिला. ती म्हणाली, "तो एक कागद कशाला धरून ठेवलास? प्रेमपत्र आहे का?" मी हो म्हणाले. खोटं बोलायचा हात किती बसलाय, बघा.

यादी सोबत जोडली आहे. सातवी ओळ. अक्षर माझं, आकडा वीस.

याआधी हे पत्र दोनदा लिहिलं. पहिल्यात मी फार रडले होते, दुसऱ्यात फार नीट युक्तिवाद केले होते. दोन्ही फाडली. दोन्हींत मीच मधोमध होते. यातही असेनच, यापेक्षा बरं मला जमत नाही. तुम्ही माफ करावं म्हणून लिहीत नाही, असं लिहिणार होते. तेही पुरतं खरं नाही.

इथपर्यंतच्या पत्राची आणि यादीची एक प्रत आज दुपारी डीनच्या हातात दिली. ते म्हणाले, "येशिहारेग, शनिवार-रविवार विचार करा, मग बघू." मी म्हटलं, उघडा आत्ताच. त्यांनी माझ्यासमोर उघडून वाचलं आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले. पुढे विद्यापीठ माझं काय करायचं ते करेल. हे पत्र बेरगा उद्या सकाळी गाडीवरून आणून देईल. त्याला दारातच उभं ठेवू नका. पण त्याच्याशी या विषयावर बोलण्याआधी दोन दिवस थांबा. सुट्टीसाठी हट्ट केला म्हणून तो स्वतःलाही दोष देत आलाय, आणि हे त्याला मीच सांगायला हवं.

मंत्रालयाला काय कळवायचं ते तुम्ही ठरवा. फक्त कारण म्हणून तो दिवस लिहू नका. तो तुमचा नाही.

आणि एक विनंती. वाचून लगेच फोन करू नका. केलात तर तुम्ही "असू दे, येशिये" म्हणाल, आणि मी ते ऐकून घेईन.

तुमच्या रागाला पात्र,
येशिहारेग