दादाच्या नावाची नळी

मी, मोटर वाइंडिंगचा धंदा करणारा, दोन भावांपैकी धाकटा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या शब्दांत लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. आतड्याबद्दल तसं लिहिता येत नाही; उद्या ते कापायला मी भरती होत आहे. कोणी दबाव आणलेला नाही. आणू पाहणाऱ्यांची नावं मला ठाऊक आहेत.

१. बँकेतली सर्व शिल्लक पत्नीस. आमच्या अर्ध्या घरात तिने तहहयात राहावं. दादाने "वहिवाटीपुरती सही कर" असं म्हणत कोणताही कागद पुढे केला, तर तिने चष्मा सापडत नाही म्हणावं.

२. वाइंडिंग मशीन, मायक्रोमीटर आणि इन्सुलेशन तपासायचा मेगर धंदेशिक्षण शाळेस. हे काम मला कोणी शिकवलं नाही. जळालेल्या मोटरी उलगडून, वेढे मोजून मी ते शिकलो. कोपऱ्यावरच्या वाइंडिंगवाल्यास काहीही देऊ नये. तो जाड तारेचे पैसे घेतो आणि बारीक तार भरतो.

३. माझ्या जनुकांची माहिती. ही मालमत्ता नाही असं वकील म्हणतात. मग कंपन्यांना ती फुकट कशाला हवी असते? भरतीच्या कागदांत "संशोधनासाठी संमती" या चौकटीत आधीच खूण करून ठेवली होती. मी ती खोडली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, एवढं कोणी वाचत नाही हो." माझ्या मागे वाचणारा कोणी नसेल म्हणून इथे लिहून ठेवतो: विमावाल्यांना, औषधवाल्यांना आणि दादाच्या व्याह्यांना माझी माहिती देऊ नये. रक्ताच्या नातेवाइकाच्या उपचारासाठी मात्र कधीही द्यावी.

४. याचं कारण. वडील आतड्याच्या कॅन्सरने गेले, आत्याही. दादा म्हणतो, खाण्यापिण्याचं निमित्त. माझी गाठ सापडल्यावर डॉक्टरीणबाईंनी माझी जनुकं तपासली. एका जनुकात दोष निघाला, वडिलांकडून आलेला. माझं औषधही त्या दोषाकडे बघूनच निवडलं आहे. शिंप्याने अंगाचं माप घ्यावं तसं, असं बाई म्हणाल्या. शिंप्यांवरही माझा विश्वास नाही, पण औषध घेणार आहे. तोच दोष दादात असण्याची शक्यता निम्मी. म्हणून दादाला थुंकी भरायची नळी घरी पाठवली. रिपोर्ट आला: दोष नाही. दादाने तो फ्रिजवर चिकटवला.

मग एके दिवशी वहिनी आमच्या स्वयंपाकघरात पत्नीला सहज सांगून गेल्या, "अहो, ह्यांना थुंकायचं म्हटलं की मळमळतं. शेवटी मीच भरून दिली. इतकी वर्षं एका ताटात जेवतो आम्ही, वेगळं काय निघणार आहे?"

वहिनी दादाची दाढीची वाटी भरतात, अर्ज भरतात, नळीही भरली. मी त्यांच्या घरी जाऊन विचारलं, तर दादादेखत म्हणाल्या, "मी असं कधी म्हटलं, भाऊजी?" दादा म्हणाला, "तू जन्माचा संशयी. तुझ्या रिपोर्टात तेही आलं असेल बघ. स्वतःला झालं म्हणून माझ्या घरात रोग शोधतोस?"

त्या तपासणीत तो एकच दोष शोधतात. नळी बाईने भरली की बाप्याने, ते बघत नाहीत. ही खात्री मी डॉक्टरीणबाईंना विचारून केली आहे.

दादाने तपासावं, न तपासावं. त्याची एकुलती एक मुलगी मात्र फ्रिजवरच्या त्या कागदाच्या भरवशावर बसली आहे. तिच्यात दोष असेल, तर दर एक-दोन वर्षांनी दुर्बिणीने आतून बघतात आणि गाठ कोवळी असतानाच काढतात. माझ्या बाबतीत कोणी बघितलं नाही.

५. म्हणून माझं अर्धं घर, पत्नीच्या पश्चात, या पुतणीस. मी अट घातली होती की तिने दोन साक्षीदारांसमोर, स्वतःच्या तोंडाने नळी भरावी. वकील म्हणाले, "अशी अट कोर्टात लटकेल, आणि घरही लटकेल." अट काढली. घर बिनशर्त. माझ्या स्वभावाला हे फार जड गेलं.

६. सहीपूर्वीची पुरवणी. मेल्यावर वाचून उपयोग काय, म्हणून पुतणीला आज दुकानात बोलावून हे वाचायला दिलं.

ती म्हणाली, "काका, ही लाच आहे."

म्हटलं, "असू दे."

तिने तिथेच आईला फोन लावला, स्पीकरवर. "आई, बाबांच्या नळीत कोण थुंकलं?"

पलीकडे चालू असलेला टीव्ही बंद झाला. मग वहिनी म्हणाल्या, "तू आहेस कुठे? काका आहेत का जवळ?"

पुतणीने फोन ठेवला. टेबलावरचे तारेचे तुकडे गोळा केले. मग विचारलं, "तपासणीला उपाशीपोटी जावं लागतं का?"

"नाही. आधी अर्धा तास काही खायचं नाही, एवढंच."

वरील सर्व मजकूर मी वाचला आहे, दोनदा.

ठिकाण: दुकानाची मागची खोली
दिनांक: भरती होण्याचा आदला दिवस, संध्याकाळ

सही: वाइंडिंगवाला, धाकटा

साक्षीदार, ज्यांना या मृत्युपत्रातून काही मिळत नाही:
१. शेजारचा चष्मेवाला. (न वाचता सही करत होता, वाचायला लावलं.)
२. समोरच्या झेरॉक्सवाल्या बाई. (जास्तीची प्रत काढलेली नाही, असं तोंडी सांगतात.)